चिप्सच्या बटाट्याचा करार: भावाआधी प्रतवारी विचारा

खटाव तालुक्यात खरिपाचा बटाटा आमच्या आजोबांपासून आहे. चिप्सच्या कंपनीशी करार मात्र मी पहिल्यांदाच केला आणि पुरता बुडालो. जूनच्या लागणीसाठी हुंडेकरी, म्हणजे कंपनीचे मध्यस्थ, आता पुन्हा फॉर्म घेऊन गावोगाव फिरतील, म्हणून आजच लिहितोय.

भाव ठरला किलोला 16 रुपये. त्या आकड्यालाच मी भुललो. 14 क्विंटल बियाणं उधारीवर दिलं, 56 हजारांचं. ते बिलातून कापायचं. करार इंग्रजीत. सही घेतली, प्रत ऑफिसमधून येईल म्हणाले. ती शेवटपर्यंत आली नाही.

काढणीला बाजार 9 रुपयांवर आला. पहिली गाडी, 90 पोती, घेतली. दुसरी 120 पोत्यांची गेटवरच अडवली. तिथल्या पोरानं चार-पाच बटाटे चिरले, काप तळले आणि झारा माझ्यासमोर धरला. कडा तपकिरी. "शुगर जास्त आहे काका, गाडी परत न्या." बटाट्यात साखर वाढली की काप काळपटतो, हे खरं आहे. पण दोन्ही गाड्या एकाच रानातल्या, दोन दिवसांच्या अंतरानं काढलेल्या. आदल्या वर्षी बाजार 22 वर होता, तेव्हा चुलतभावाचा बारका, हिरवट मालसुद्धा याच लोकांनी बांधावरून उचलला. तेव्हा एक बटाटाही कुणी तळून पाहिला नाही.

परतीचं भाडं माझ्याच अंगावर. कराडला व्यापारी म्हणाला, हा चिप्सचा वाण, गिऱ्हाईक भाजीचा ज्योती वाण मागतं. 7 रुपयांनी दिला. कंपनीकडच्या 72 हजारांतून बियाणं कापून 16 हजार हातात आले. खत-औषधाची उधारी तशीच राहिली. काढणीच्या बायकांची मजुरी घरच्या मंडळींनी भिशीच्या पैशातून भागवली.

नंतर जिल्हा उपनिबंधक कार्यालयात गेलो. 2006 साली राज्याच्या पणन कायद्यात करार शेती आली, तेव्हापासून कंपनीनं करार नोंदवायचा असतो. माझ्या कराराची तिथं नोंदच नव्हती.

म्हणून फॉर्म पुढं आला की भावाचं नंतर बोला. माल कुठं तपासणार, बांधावर की गेटवर? साखर किती चालेल, ते आकड्यात लिहून घ्या. परत आलेल्या गाडीचं भाडं कुणाचं? माल नाकारला तर बियाण्याचे पैसे कसे फेडायचे? मराठीतली प्रत त्याच दिवशी मागा, आणि नोंदणी झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय बियाणं उतरवून घेऊ नका, गाडी दारात येऊन उभी राहिली तरी.