दुकानदार हेर असलेल्या ‘कोझी’ रहस्यकादंबऱ्या: सात-आठ महिने वाचल्यानंतर

‘कोझी’ म्हणजे रक्तपात पडद्याआड ठेवणारी, हौशी हेराची घरगुती वळणाची रहस्यकादंबरी. पहिल्या दोन-तीन कादंबऱ्या वाचून या प्रकाराबद्दल मत बनवू नये. तेव्हा सगळंच गोड लागतं. छोटंसं गाव, लोकरीचं नाहीतर पावाचं नाहीतर जुन्या पुस्तकांचं दुकान, काउंटरवर लोळणारं मांजर, तिसऱ्या प्रकरणात प्रेत आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांचा मिळून चहा. सात-आठ महिने ओळीनं वाचत गेलं की गोडवा उतरतो आणि आतला सांगाडा दिसू लागतो. मग कुठली कादंबरी पक्की बांधलेली आणि कुठली नुसती सजवलेली, हे पन्नासेक पानांत कळतं.

कसोटी एकच आहे. दुकान काढून तिथं दवाखाना किंवा शाळा ठेवली तरी रहस्य तसंच सुटतं का? सुटत असेल तर ते दुकान मुखपृष्ठावरच्या चित्रापुरतं आहे. चांगल्या कादंबरीत खुनाचा उलगडा गल्ल्याच्या मागे उभं राहणाऱ्या माणसालाच होऊ शकतो. पोलिसांसमोर तोच पुरावा पडलेला असतो, पण त्यांना तो वाचता येत नाही.

लोकरीचंच घ्या. प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवर रंगाबरोबर ‘डाय लॉट’चा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीच्या घाण्याचा, क्रमांक छापलेला असतो. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटेचा किंचित फरक पडतो. सुटे गुंडे पाहून तो कळत नाही, विणलेल्या कापडात मात्र पट्टा उठतो. संशयित म्हणतो, शाल बुधवारी रात्रीच विणून झाली होती. दुकानदारीणबाईंना शेवटच्या काही ओळी दुसऱ्या लॉटच्या दिसतात, आणि तो लॉट दुकानात गुरुवारी दुपारी आलेला असतो. संपलं. इथं तपासाला ना प्रयोगशाळा लागली ना योगायोग, मालाची आवक लिहिलेली वही पुरली.

बेकरीतलं घड्याळ म्हणजे पीठ. यीस्ट घातलेलं पीठ पंचवीस-सव्वीस अंश सेल्सिअसला साधारण तासा-दीड तासात दुप्पट होतं. त्यानंतर कुणी हात लावला नाही तर ते आणखी फुगतं, मग खाली बसतं आणि आंबूस वास सोडतं. फ्रीजमध्ये ठेवलेलं तेच पीठ रात्रभर टिकतं. त्यामुळे पहाटे बसलेलं पीठ पाहून बेकरीवाला सांगू शकतो की मळणारा माणूस परत आलाच नाही, आणि ते किती वेळापूर्वीचं आहे हेही अंदाजानं सांगू शकतो. लेखकाला हे माहीत असेल तर मृत्यूची वेळ ठरवायला डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही. उलट ज्या कादंबरीत बेकरी आहे आणि पीठ कधी फुगतं याचा पत्ता नाही, ती बेकरी नाटकातल्या पडद्यावर रंगवलेली समजावी.

जुन्या वस्तूंच्या दुकानात स्क्रू बोलतात. अधिक चिन्हासारखी खाच असलेल्या फिलिप्स स्क्रूची पेटंटं १९३६ ची. एकोणिसाव्या शतकातलं म्हणून विकायला आणलेल्या कपाटाच्या बिजागऱ्यांना तेच स्क्रू असतील तर निदान बिजागऱ्या तरी नंतरच्या, आणि विकणाऱ्याला प्रश्न विचारायला जागा मिळाली. पुस्तकाच्या दुकानात हेच काम आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, करतो. हा क्रमांक १९७० पासूनचा, त्यामुळे १९५५ ची पहिली आवृत्ती म्हणून समोर ठेवलेल्या प्रतीवर तो छापलेला असेल तर पुढं काही बोलायला नको. साधी बिलाची पावतीसुद्धा उपयोगी पडते. ती ज्यावर छापतात तो थर्मल कागद उष्णतेनं काळा पडतो आणि उजेडात ठेवला तर अक्षरं फिकी होत जातात. एका बाजूला गोल काळा डाग असलेली पावती गरम भांड्याखाली होती, एवढं दुकानदाराला बघताक्षणी कळतं. असे दुवे प्रत्येक कादंबरीत असायला हवेत, पण चारांतल्या तीन कादंबऱ्यांत नसतात. तिथं दुकानदारीण गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकते आणि ‘कुठंतरी काहीतरी खटकतंय’ एवढंच पुनःपुन्हा म्हणते.

आता बांधणीबद्दल. ई-बुकवर टक्केवारी दिसते, त्यामुळे साचा सहज मोजता येतो. प्रेत सहसा दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास सापडतं, मध्यावर दुसरा मृत्यू किंवा हल्ला, आणि नव्वदीच्या थोडं आधी खुनी नायिकेला बंद दुकानात गाठतो. एकूण लांबी साठ ते नव्वद हजार शब्द. रक्तपात पडद्याआड, शिव्या नाहीत, शृंगार दार लोटून घेतो. पाळीव प्राण्याला काही होत नाही, ही तर लेखी नसली तरी पक्की अट. संशयित पाच-सहा असतात, पण बहीण, जिवलग मैत्रीण आणि देखणा पोलिस अधिकारी हे मालिकेत पुढं लागणार असल्यामुळे आपोआप सुटतात. शिवाय ज्याच्यावर पोलिसांचा पहिला संशय, तो कधीच खुनी नसतो. म्हणजे खरे उमेदवार उरतात दोन किंवा तीन.

त्यातला नेमका कोण, हे ओळखायची एक सवय हळूहळू लागते, आणि लागली की थोडी मजा जाते. पहिल्या चतुर्थांशात एक पात्र येतं, त्याचं वर्णन नीट केलेलं असतं, ते सगळ्यांना मदत करतं, पण कथानकात त्याला काहीच काम नसतं. बहुतेक वेळा तोच. कारण सरळ आहे. खुनी वाचकाला आधी भेटलेला असायला हवा, हा नियम रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकानं १९२९ मध्ये मांडलेल्या दहा नियमांत पहिलाच आहे, आणि हा प्रकार तो अजून इमानेइतबारे पाळतो. कसबी लेखक अशा पात्राला एक खोटं काम देतात: उधारीवरून भांडण, दुकानाच्या भाड्याचा वाद, जत्रेतल्या स्टॉलची जागा. वाचक ते काम पाहतो आणि माणसाकडे दुर्लक्ष करतो. चकवा असा असावा. रात्री टोपी घालून फिरणारा अनोळखी इसम शेवटी टपाल वाटणारा निघतो, हा चकवा नव्हे, पानं भरणं आहे.

नॉक्सचे आणखी दोन नियम इथं सर्रास मोडले जातात. हेराला अपघातानं मदत होता कामा नये, आणि त्याला सापडलेला दुवा वाचकालाही तिथल्या तिथं दिसला पाहिजे. ‘तिनं पाकीट उघडलं आणि आतला कागद पाहून ती हादरली’ असं लिहून प्रकरण संपवणं ही फसवणूक आहे. एका पुस्तकात हे दोनदा झालं तर तिसऱ्यांदा होण्याची वाट न पाहता ते बाजूला ठेवावं.

सगळ्यात नाजूक सांधा म्हणजे दुकानदारानं तपास का करावा. पहिल्या भागात उत्तर भक्कम असतं. प्रेत तिच्याच दुकानात सापडतं, पोलिस दुकानाला सील लावतात, आतला नाशवंत माल वाया जातो, गिऱ्हाईक फिरकत नाही आणि दुकानाच्या कर्जाचा हप्ता तोंडावर येतो. खुनी सापडला नाही तर दुकान बुडणार, यापेक्षा चांगलं कारण नाही. दुसऱ्या भागात संशय मैत्रिणीवर जातो, तेही चालतं. चौथ्या भागापर्यंत उरते ती फक्त चौकशीची खोड. खेड्याएवढ्या गावात वर्षाला दोन-तीन खून, हे गणितही तोवर बोचायला लागतं. या दोषाला इंग्रजी वाचकांत ‘कॅबट कोव्ह सिंड्रोम’ म्हणतात. १९८४ ते १९९६ दरम्यान चाललेल्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतल्या गावाचं हे नाव. जाणते लेखक यावर उपाय म्हणून दुकान हलवतात: माल खरेदीचा दौरा, दुसऱ्या शहरातलं प्रदर्शन, लिलाव. असा एखादा भाग मध्ये आला की मालिकेत पुन्हा जीव येतो.

आणि नायिका पळापळ करते तेव्हा दुकानात कोण असतं? क्षुल्लक वाटेल, पण लेखकाला दुकान किती कळतं हे इथं उघडं पडतं. एकट्यानं चालवलेलं दुकान ऐन गर्दीच्या वेळी तीन तास बंद ठेवून बाई कबरस्तानात धागेदोरे शोधत असतील आणि संध्याकाळी गल्ला मोजायचा कुणाला आठवतच नसेल, तर ते दुकान महिनाभरही चालणार नाही. याउलट मदतनीस मुलगी, तिच्या सुट्टीचे दिवस, माल उतरवायला येणाऱ्या गाडीची वेळ, रोख आणि बिलं यांचा रात्रीचा मेळ हे सगळं जिथं येतं तिथं त्यातूनच अडचण आणि दुवा दोन्ही निघतात. गल्ल्यात पैसे कमी भरणं सगळेच लिहितात. जास्त भरले तर? कुणीतरी न नोंदवता काहीतरी विकलं, किंवा आधी उचललेली रोकड गुपचूप परत ठेवली. हे प्रश्न फार थोड्यांना सुचतात.

पुराव्याच्या हाताळणीत मात्र हा प्रकार जवळजवळ सरसकट चुकतो. नायिका रक्ताचा डाग असलेला रुमाल उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घालते आणि दोन दिवसांनी पोलिसांना देते. ओलसर वस्तू प्लास्टिकमध्ये कुबट होते, बुरशी धरते, नमुना खराब होतो. अशा वस्तू वाळवून कागदी पिशवीत ठेवतात. शिवाय वस्तू कुणाच्या हातून कुठं गेली याची साखळी तुटलेली, त्यामुळे कोर्टात बचावपक्ष तिच्या चिंध्या करील. शेवटी बंद दुकानात खुन्याकडून सविस्तर कबुली का वदवून घ्यावी लागते, त्याचं कारण हेच: हातात टिकेल असं काही नसतं. ज्या थोड्या कादंबऱ्यांत नायिका वस्तूला हात न लावता जागा लक्षात ठेवते आणि पोलिसांना बोलावते, त्यांचे शेवटही जास्त शांत आणि जास्त पटणारे असतात. दुकानातल्या कॅमेऱ्याचंही तसंच. बहुतेक रेकॉर्डर ठरावीक दिवसांनी जुनं चित्रण पुसून त्यावरच नवं करतात. ती मुदत संपायला दोनच दिवस उरलेत, एवढ्या एका गोष्टीवर मधली पन्नास पानं तणावात ठेवता येतात. तरीही ‘कॅमेरा बंद होता’ हेच वाक्य वाचायला मिळतं.

मृत्यूच्या तपशिलांवर थोडक्यात. शरीराचा ताठरपणा साधारण दोन ते चार तासांत जबड्याकडून सुरू होतो, बाराएक तासांत पूर्ण होतो आणि पुढं हळूहळू सुटतो. थंडीत हा सगळा क्रम लांबतो. म्हणून शीतगृहात सापडलेल्या प्रेताची वेळ जी कादंबरी बेधडक अर्ध्या तासापर्यंत सांगते, तिच्यावर विश्वास नको. रुमालावरच्या क्लोरोफॉर्मनं माणूस क्षणात कोसळत नाही, काही मिनिटं लागतात. सायनाइडचा कडू बदामाचा वास सगळ्यांना येत नाही, तो ओळखण्याची क्षमता जन्मजात असते किंवा नसते. हा शेवटचा मुद्दा नीट वापरला तर मोठा दुवा होऊ शकतो, कारण खोलीतल्या दोघांपैकी एकालाच वास आला तरी दोघंही खरं बोलत असू शकतात.

पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या पाककृती हा बेकरी-मालिकांचा खास भाग. त्या करून बघायच्या तर मापं आधी बदलून घ्यावीत. अमेरिकी कप म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. हलक्या हातानं चमच्यानं भरलेल्या कपात मैदा १२० ते १२५ ग्रॅम मावतो, पण कप थेट पिशवीत बुडवून भरला तर १४० ग्रॅमच्याही वर जातो. दोन-तीन कपांच्या केकला तेवढ्यानं फरक पडतो आणि केक कोरडा होतो. दोष पाककृतीला दिला जातो. लोण्याची ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम, आणि ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअस. पंख्याचा ओव्हन असेल तर पंधरा-वीस अंश कमी. विणकामाच्या नमुन्यांत पहिल्यांदा ताण, म्हणजे ठरावीक मापात किती टाके बसतात ते, जुळवून पाहावा, नाहीतर टोपी उशीच्या अभ्र्याएवढी होते.

निवडताना पुरस्कारांची यादी कामाला येते. ‘मॅलिस डोमेस्टिक’ हे रहस्यकथांचं संमेलन १९८९ पासून भरतं आणि अगाथा पुरस्कार देतं. उघड शृंगार नको, अति रक्तपात नको, ही त्यांची चौकटच असल्यामुळे त्या यादीत चुकून काही भडक हाती लागत नाही. मालिका क्रमानंच वाचावी. पुढच्या भागांत ‘गेल्या हिवाळ्यात अमक्याला अटक झाली तेव्हा’ असं सहज लिहून जातात आणि आधीच्या पुस्तकाचा निकाल लागतो. पहिला भाग कच्चा असला तरी लगेच सोडू नये, पात्रांची ओळख करून देण्यात त्याची बरीच पानं जातात. दुसऱ्यातही दुकान कामाला येत नसेल तर तिसरा विकत घ्यायची गरज नाही.

ऑडिओवर हा प्रकार ऐकताना नावांचा घोळ होतो. गावातली पंधरा-वीस माणसं पहिल्या दोन तासांत येऊन जातात, आणि मागं जाऊन पाहणं कटकटीचं. ई-बुकमध्ये एखादं नाव शोधलं की ते पहिल्यांदा कुठं आलं ते दिसतं, पण पुढं किती वेळा येतं तेही दिसतं आणि खुनी तिथंच उघडा पडतो. छापील प्रतीत मागची पानं बोटानं चाळता येतात, दुव्याची ओळ डाव्या पानावर खाली होती एवढं आठवतं, आणि एकदा वाचून झालेलं पुस्तक पुन्हा पहिल्या प्रकरणापासून उघडलं की खुनी कुठल्या पानावर सुटी चिल्लर मोजत उभा होता ते सापडतं.