व्हॅक्यूम पंप: नवा टाकायचा की काढून टाकायचा?

आमच्या बीडच्या गॅरेजात छोट्या डिझेल ट्रकचा मालक आला, की हा प्रश्न हमखास निघतो. अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मागे बसवलेला, ब्रेकसाठी हवा ओढून व्हॅक्यूम करणारा पंप ऑइल गळतो, ब्रेक जड लागतो, आणि कुणीतरी सल्ला देतं, "काढून टाका, ऑइलच्या पाइपला डमी (बूच) मारा."

काढण्याचा फायदा एवढाच: गळती थांबते, नव्या पंपाचे पैसे वाचतात. पण पेट्रोल इंजिनाला मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या नळीतून) व्हॅक्यूम मिळतो, डिझेलला थ्रॉटलअभावी, म्हणजे हवा अडवणारी झडप नसल्याने, तो जवळजवळ नसतोच. पंप गेला की बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने ब्रेक हलका करणारा भाग, मेला. ब्रेक लागतो, पण पायाच्या जोरावर, आणि सोयाबीनची पोती भरून मांजरसुंब्याचा घाट उतरताना तो जोर पुरत नाही. मला हा पर्याय मान्यच नाही. (मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतो, त्याचा हिशेब वेगळा.)

नवा पंप महाग पडतो, हे खरं. म्हणून आधी खात्री करा. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं तर आधी होज (पंपापासून बूस्टरपर्यंतची रबरी नळी) आणि एकतर्फी व्हॉल्व्ह बघा. चिरलेला होज बदलणं पंपापेक्षा कितीतरी स्वस्त. पंपच झिजला असेल तर मात्र नवाच टाका, आणि गळून कमी झालेलं इंजिन ऑइल भरायला विसरू नका.