मूल बोबडं बोलतंय, तर कुठली स्पीच थेरपी घ्यायची?

माझा मुलगा साडेचार वर्षांचा होईपर्यंत काकाला 'ताता' आणि गायीला 'दाय' म्हणायचा, घरात सगळ्यांना ते गोड वाटायचं, आजीने वेखंड उगाळून लावलं, कोणी म्हणालं जिभेखालची शीर कापून घ्या. पण त्याची जीभ व्यवस्थित होती, आवाजांचा हिशोबच वेगळा बसला होता. म्हणून आधी कानाची तपासणी करा आणि मग चूक कुठल्या जातीची आहे ते थेरपिस्टकडून समजून घ्या, कारण थेरपी त्यावरच ठरते.

एक-दोनच आवाज अडत असतील, म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल 'राम'ला 'लाम' म्हणतंय आणि बाकी सगळं स्वच्छ, तर जुनी आर्टिक्युलेशन थेरपीच बरी. आधी आवाज ऐकून ओळखायचा, मग सुटा म्हणायचा, मग अक्षर, शब्द, वाक्य, गप्पा. कंटाळवाणी आहे, पण अशा मुलांना उपयोगी पडते.

आमचं तसं नव्हतं. क-ख-ग सगळेच त-थ-द व्हायचे, म्हणजे पूर्ण पॅटर्नच. तिथे मिनिमल पेअर, म्हणजे एकाच आवाजाचा फरक असलेल्या दोन शब्दांची जोडी, कामाला आलं. दोन चित्रं, एक गार पाण्याचा ग्लास आणि एक दार. त्याला हवं होतं गार, म्हणाला 'दार', आणि मॅडमनी उठून खरंच दार उघडलं! तो बघतच राहिला, आणि माझ्या मते त्या क्षणी त्याला पहिल्यांदा कळलं की आपण म्हटलं एक आणि समोरच्याने ऐकलं दुसरंच. काप-ताप, गात-दात अशा मराठी जोड्या घरीही जमतात, इंग्रजी वर्कशीटची गरजच नाही.

मूल बाहेरच्या कोणालाच कळत नसेल, चार-पाच पॅटर्न एकत्र असतील, तर सायकल्स बघा. हॉडसन आणि पेडन या वाचा-अभ्यासकांनी मांडलेली पद्धत आहे. एक पॅटर्न थोडे दिवस घ्यायचा आणि पक्का झाला नसला तरी पुढे जायचं, पुढच्या फेरीत परत त्यावर यायचं. इथे पालक घाबरतात की अर्धवट सोडलं, पण पद्धतच तशी आहे, मुलं आवाज हळूहळूच आत घेतात. घरी रोज दोनेक मिनिटं शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि चार-पाच शब्द म्हणून घ्यायचे.

एकच शब्द तीन वेळा तीन प्रकारे येतोय, केळं कधी 'तेलं' कधी 'एलं' कधी 'पेयं', तर वरचं काहीच नीट बसत नाही. तेव्हा वाचा-अभ्यासक डॉड यांची कोअर व्होकॅब्युलरी, रोज लागणारे ५० ते ७० शब्द (नावं, पाणी, नको, शू) दर वेळी एकसारखे म्हणायचे, अचूक नसले तरी चालतील. आणि अॅप्रॅक्सिया (मेंदूला बोलण्याच्या हालचालींची आखणी नीट न जमणं) निघाला तर चेहऱ्याकडे बघून सोबत हळू म्हणायची थेरपी लागते, तीही आठवड्यातून एकदा करून पुरत नाही.

शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉ, मेणबत्ती विझवणं यावर मात्र पैसे घालू नका. आमचे चार महिने एका क्लिनिकमध्ये यातच गेले आणि क काही आला नाही. फुंकर मारणं आणि बोलणं यात स्नायू तेच असले तरी हालचाल वेगळी असते, आणि याने उच्चार सुधारतात असा भक्कम पुरावा नाही.

थेरपिस्ट आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीचा आहे ना बघा. आणि एक सेशन आत बसून मोजा, मूल टार्गेटचे शब्द किती वेळा म्हणतंय. अर्ध्या तासात ५०च्या आसपास तरी हवेत, दहा-पंधराच होत असतील तर स्पष्ट विचारा.