वीस मुलांची पार्टी: मिसळ की पावभाजी?

परीक्षा संपली, वीस मुलं घरी येणार. नाशिकमध्ये मिसळ आधी सुचते, पण पोरांना पावभाजीही तितकीच प्रिय.

तयारीत खरा फरक आहे. मिसळीला सव्वा किलो मटकी दोन दिवस आधी भिजवावी लागते: आठ तास पाण्यात, मग फडक्यात घट्ट बांधून. नाशिकच्या थंडीत मोड यायला पूर्ण दिवस जातो. मटकी कुकरमध्ये लावू नका, गाळ होतो. पातेल्यात बोटचेपी शिजवा. तर्री वेगळी ठेवा, तिखट न खाणारी दोघं-तिघं असतातच. फरसाण दीड किलो, पण ताटात अगदी शेवटी. आधी घातलं की लगदा.

पावभाजीला अडीच किलो बटाटे, किलोभर फ्लॉवर, दीड किलो टोमॅटो, पाऊण किलो मटार. सकाळी करून ठेवता येते. गरम करताना उकळतं पाणी घालून तळापासून ढवळा, बटाटा लगेच लागतो. अडतं ते पाव भाजताना: ऐंशी पाव, एकच तवा, आणि रांग! दोन तवे हवेतच.

खर्चात लोण्यामुळे पावभाजी जड.

मुलं टप्प्याटप्प्याने येणार असतील तर मिसळ. रस्सा मंद आचेवर राहतो, ज्याचं तो वाढून घेतो. सगळी एकदम बसणार आणि बेत कालच ठरला असेल तर पावभाजीच करा.