ईपी टू डबल पी-३८ केबल, दहा महिने वापरल्यावर (आणि त्याआधी वाया घालवलेले ५६० रुपये)

केबलचा पण कोणी रिव्ह्यू लिहितं काय असं बायको विचारतेय, पण परवा या केबलचा (एका टोकाला ईपी, म्हणजे हेडफोनची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला दोन पी-३८, म्हणजे मिक्सरच्या जाड पिना) एक चॅनल, म्हणजे एका बाजूचा आवाज, बंद पडला आणि मी अर्धा तास घामाघूम झालो म्हणून लिहितोय.

आमचं घर वेंगुर्ल्याला, समुद्र हाकेच्या अंतरावर. गेल्या गणपतीत जुना साउंड मिक्सर माळ्यावरून खाली काढला, लॅपटॉप जोडून आरत्या आणि भजनं लावायची, एवढंच काम. दुकानदाराने ईपी टू सिंगल एक्सएलआर (माइकला असते ती तीन पिनांची) दिली, ३२० रुपये, म्हणे मिक्सरला हीच लागते. लावली तर पेटी ऐकू येतेय, टाळ येतायत, कोरस विहिरीतून आल्यासारखा, आणि बुवा गायब! काका पडवीतून ओरडले, "बुवाचो आवाज खंय गेलो रे?" मी तीन वेळा फाइल बदलली, लॅपटॉप रिस्टार्ट केला, शेवटी आरती तोंडानेच म्हटली (ती एरवीही तोंडानेच म्हणतात, पण ते असो).

भानगड अशी की एक्सएलआरमध्ये पिन २ आणि पिन ३ वर एकच सिग्नल उलटसुलट येतो असं मिक्सर धरून चालतो, आणि एकातून दुसरा वजा करतो. माइकला हे बरोबर आहे, त्यातच खरखर मरते. पण या केबलमध्ये २ वर डावा चॅनल, ३ वर उजवा. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, सारख्यातून सारखं वजा केलं की शिल्लक शून्य. केबल खराब नव्हती, माझ्या कामाचीच नव्हती. दुकानदार परत घेईना, "पॅकिंग फोडलंत ना."

मग ही घेतली, ईपी एका टोकाला, दुसरीकडे दोन मोनो पी-३८, तीन मीटर, ३५० रुपये. दोन चॅनलला दोन पिना, बुवा परत आले. दहा महिने गणपती, दोन वाढदिवस, एक साखरपुडा. तार जाड आहे, पिना घट्ट बसतात, तक्रार नाही.

तक्रार एकच. दोन्ही पी-३८ काळ्याकुट्ट! लाल-पांढरी रिंग नाही, एल-आर लिहिलेलं नाही, काही नाही. ३५० रुपये घेता आणि दहा पैशाचा रंग लावायला हात आखडतो? मी एकीला बायकोचं नेलपॉलिश लावलंय. आता आमचा अँप्लिफायर मोनो आहे, दोन्ही बाजू एकत्रच वाजवतो, डावं-उजवं उलटं झालं तरी काडीचा फरक पडत नाही हे मला कळतं. तरी दर वेळी पिन हातात घेतली की डोकं फिरतं.

मधे मी या केबलला शिव्याही घातल्या होत्या, स्पीकरमधून घूंऽऽ आवाज यायचा म्हणून. ते शब्द मागे घेतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज बंद. चार्जर पडवीतल्या बोर्डावर, मिक्सर माजघरातल्या. दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर घेतल्यावर जवळजवळ गेला. चार्जरची अर्थची जाड पिन कापून टाक म्हणून सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, शॉक लागेल.

वाया गेलेल्या ५६० मधले ३२० त्या एक्सएलआरचे, उरलेले २४० कुठे गेले? ९० चा जॉइंटर, आणि १५० चा टाइप-सी टू ईपी अडॅप्टर, कारण नव्या फोनला जॅकच नाही. तो भाच्याच्या फोनवर वाजतो, माझ्या फोनवर मुका. आत नुसत्या तारा आहेत. त्याचा फोन टाइप-सीमधून थेट आवाज बाहेर काढतो, माझ्या फोनला ते जमत नाही, त्याला आत डॅक चिप (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी) असलेला अडॅप्टर लागतो. घेताना डॅक आहे का एवढं विचारा, दुकानदार डोकं खाजवायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

आता परवाचं. ईपीची पिन बघितली तर टोकाजवळच्या काळ्या रिंगच्या कडेने धातूवर हिरवट थर. 'गोल्ड प्लेटेड' म्हणून विकली होती, ते सोनं आमच्या खाऱ्या वाऱ्याला एक पावसाळाही पुरलं नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सुती कपड्याने घासली, चॅनल जिवंत. आता ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असते, तळाला मूठभर तांदूळ.

चार स्टार. पाचवा त्या रंगाच्या रिंगचा होता, तो देणार नाही.