टिपिंग बकेट पर्जन्यमापक: डोंगरपायथ्याच्या सोसायटीने घ्यावा का?

मुलुंड-भांडुपच्या उतारालगतच्या इमारतींसाठी घ्यावाच. हवामान खात्याचा सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांच्या पावसाचा आकडा इथे अपुरा पडतो. आधीच्या पावसाने भिजलेल्या मातीवर तासाभराची जोरदार सर कोसळली की मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते आणि दगड-चिखलाचा लोंढा ओढ्यातून खाली येतो. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे अशा सरींचा जोर वाढतो आहे. म्हणून दर दहा मिनिटांची नोंद ठेवणारेच मॉडेल घ्या. फक्त दिवसाची बेरीज दाखवणारे स्वस्त पडते, पण इथे कुचकामी.

आत सी-सॉसारखी दोन कप्प्यांची बादली असते. ०.२ मिमी पाऊस साचला की ती कलंडते आणि एक ठोका नोंदला जातो. गोम इथेच आहे. ताशी 100 मिमीच्या पावसात दर ७.२ सेकंदांनी ठोका पडायला हवा, पण कलंडताना थोडे पाणी निसटते आणि नेमक्या धोक्याच्या वेळी आकडा कमी दिसतो.

तपासणी सोपी: २० सेंमी व्यासाच्या नरसाळ्यात एक लिटर पाणी तासभर थेंबथेंब सोडा, सुमारे १५९ ठोके यायला हवेत. बरेच कमी आले तर आधी नरसाळ्याची जाळी बघा. मुंबईत गुन्हेगार बहुधा कबुतरच.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला चिकटवून बसवू नका. टाकी जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर सोडा.