सांगलीतला सर्व्हर पुण्यातून सांभाळायचा, तर आत कुठल्या दारानं जायचं?

विश्रामबागच्या घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून सर्व्हर केलाय. घरचे फोटो आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीचे बाबांचे हिशेब त्यावर असतात. मी पुण्यात. तुमचंही असंच असेल, तर वाटा तीन: एसएसएचचं (दूरच्या मशीनवर लॉगिन करून कमांड चालवायची सोय) पोर्ट, म्हणजे आत यायचं नंबराचं दार, थेट उघडणं; वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन); किंवा टेलस्केल ही तयार सेवा.

आधी राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीनं एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलाय. मग आयपीव्ही४ वर (आयपीची जुनी, नेहमीची पद्धत) बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत कुणी पोचतच नाही. पहिल्या दोन वाटा हव्या असतील, तर कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागावा लागेल.

एसएसएच सगळ्यात सोपं आणि म्हणूनच मला नको वाटतं. पोर्ट २२ उघडलं की बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, 'रूट' (सगळे अधिकार असलेलं खातं), 'ॲडमिन' अशी नावं घेऊन पासवर्ड घालत बसतात. सर्व्हरचा लॉग (कोण आलं-गेलं त्याची नोंद) एकदा वाचाच. पोर्टचा नंबर बदलला की ही गर्दी कमी होते, पण कुलूप होतं तेच राहतं. पासवर्डनं लॉगिन बंद, रूटला थेट प्रवेश बंद, फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त फाइल) चालू, एवढं तरी कराच. तेवढ्यानंही भागेलच असं नाही. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्रॅममधला जो दोष उघड झाला, त्यात लॉगिन न करताच रूटचा ताबा मिळू शकत होता. तिथं की असून काय उपयोग? अपडेट लागतंच.

वायरगार्ड २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. योग्य की नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट शोधत फिरणाऱ्याला इथं काही आहे याचा पत्ता लागत नाही. एसएसएच त्याच्या आत ठेवायचं. अडचण आमच्याकडच्या विजेची: लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. दिवे जाऊन आले की आयपी बदलतो, म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एकच नाव देणारी सोय) लावावं लागतं.

टेलस्केल आतून वायरगार्डच, पण सीजीनॅटमधूनही चालतं आणि राउटरला हात लावावा लागत नाही. मात्र त्यात गुगलसारख्या खात्यानं शिरायचं असतं. ते खातं गेलं की घर गेलं, तेव्हा त्याला टू-स्टेप हवंच.

माझा कौल: सीजीनॅट असेल तर टेलस्केल, नसेल तर वायरगार्ड. उघडं एसएसएच घरासाठी नकोच.

वाट कुठलीही घ्या, स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नका. मी एकदा पुण्यातून फायरवॉलचा (कुणाला आत सोडायचं ते ठरवणारी चाळणी) नियम बदलला आणि कनेक्शन तुटलं. आईला फोन केला, "लॅपटॉपचं बटण दाबून धर, बंद झाला की परत चालू कर." "अरे, पण हिरवा दिवा लागलाय की, बंद कशाला करू?" नियम सेव्ह केलेला नव्हता, म्हणून वाचलो. आता पाच मिनिटांनी जुने नियम आपोआप परत येतील अशी कमांड आधी लावतो आणि मगच फायरवॉलला हात लावतो.